भौतिकशास्त्र मंडळात सामील होताना : पुण्यात नव्याने बीएस्सीला आलेल्यांसाठी

पुण्यातल्या अनेक महाविद्यालयांत भौतिकशास्त्र विभागाच्या आधाराने विद्यार्थ्यांचे एखादे मंडळ चालते. कुठे त्याला फिजिक्स असोसिएशन म्हणतात, कुठे फिजिक्स क्लब, तर कुठे ते सर्व विभागांच्या एकत्रित विज्ञान मंडळाची एक शाखा असते. नाव काहीही असले, तरी रचना साधारण सारखीच असते: एक मार्गदर्शक प्राध्यापक, तिसऱ्या वर्षातले अध्यक्ष आणि सचिव, दुसऱ्या वर्षातले राबणारे हात आणि आपण इथे नेमके काय करायचे हे अजून न उमगलेले पहिल्या वर्षाचे सभासद. हा लेख त्या शेवटच्या गटासाठी आहे. ज्याची अकरावी-बारावी सीईटी आणि जेईईच्या तयारीत गेली, त्याच्या लेखी भौतिकशास्त्र म्हणजे चार पर्यायांतून एक निवडणे एवढेच उरलेले असते, आणि मंडळातली चर्चा ऐकून तो पहिल्याच दिवशी बिचकतो. माझ्या मते मंडळात कामाच्या वाटेने शिरावे. ज्ञान मागाहून येते, आणि ते आधीपासून आपल्यापाशी आहे असे दाखवण्याची तर मुळीच गरज नसते.

मंडळ शोधणे आणि पारखणे

पहिल्या वर्षाचे प्रवेश संपून वर्ग सुरळीत होईपर्यंत जुलै उलटतो आणि मंडळांची नोंदणी बहुधा त्यानंतर सुरू होते. नेमक्या त्याच दिवसांत पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमी आणि गणपतीची ढोल-पथके निम्मे महाविद्यालय पळवून नेतात, त्यामुळे विभागाच्या नोटीस बोर्डावर लागलेला एक कागद सहज नजरेतून सुटतो. म्हणून सूचनेची वाट पाहत बसण्यापेक्षा प्रॅक्टिकलच्या दिवशी, तास संपल्यावर, विभागातच चौकशी करावी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या दादाला किंवा ताईला विचारणे सर्वांत सोपे. त्याहून खात्रीची माहिती बरेचदा प्रयोगशाळेतल्या मामांकडे मिळते, कारण मंडळाची बैठक कुठल्या खोलीत होते, किल्ली कोण घेऊन जाते आणि गेल्या वर्षी ती कितीदा नेली गेली, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

मंडळ आहे एवढे कळल्यावर लगेच नाव नोंदवण्याची घाई करू नये. काही मंडळे वर्षातून दोनदाच जागी होतात: एकदा उद्घाटनाच्या दिवशी, पाहुण्यांच्या सत्कारासाठी, आणि एकदा २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या पोस्टर स्पर्धेसाठी. अशा मंडळाचे सभासदत्व घेतल्याने नुकसान काही नाही, पण त्यातून फारसे हातीही लागत नाही. मंडळाची पारख करायची तर एखाद्या जुन्या सभासदाला सरळ विचारावे, की ज्या आठवड्यात कोणताही कार्यक्रम नसतो त्या आठवड्यात तुम्ही काय करता. उत्तरात एखाद्या वाचनगटाचा, अर्धवट राहिलेल्या एखाद्या उपकरणाचा किंवा शनिवारच्या चर्चेचा उल्लेख आला, तर मंडळ जिवंत आहे असे समजावे. दुसरी चौकशी उपकरणांबद्दल करावी: पहिल्या वर्षाच्या मुलांना ती हाताळायला मिळतात, की त्यांनी फक्त खुर्च्या लावायच्या? खुर्च्या सगळ्यांनीच लावाव्यात. त्या फक्त धाकट्यांनीच लावायच्या असतील, तर मात्र दुसरीकडे पाहावे.

नोंदणीबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. एक साधा अर्ज, महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि असल्यास किरकोळ वर्गणी, एवढ्यात काम होते. वर्गणी दिली तर पावती घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅप गटात नाव घातले गेले म्हणजे नोंदणी झाली असे समजू नये. सचिवाच्या वहीत नाव चढले की नाही ते पाहून घ्यावे, कारण सहलीची आणि प्रयोगशाळेच्या परवानगीची यादी त्या वहीवरूनच तयार होते.

पहिल्या काही बैठका

पहिल्या बैठकीला वेळेवर जावे, पुढच्या दोन ओळींत बसावे आणि वही जवळ ठेवावी. बोलण्याचा विषय आपल्याला अनोळखी असण्याचीच शक्यता जास्त असते. समजा, तिसऱ्या वर्षाची एखादी ताई फळ्यावर श्रोडिंजरचे समीकरण मांडते आहे आणि तुम्हाला त्यातली निम्मी चिन्हे वाचता येत नाहीत. अशा वेळी सगळे समजून घेण्याचा हट्ट सोडून एकच गोष्ट पकडावी. फळ्यावरचे एखादे चिन्ह कशासाठी आहे आणि ते कोणत्या एककात मोजतात, हा प्रश्न कोणत्याही वर्षाचा विद्यार्थी विचारू शकतो, आणि अनुभव असा, की त्या प्रश्नावर बोलणाऱ्यालाही दोन क्षण थांबावे लागते. एककांचा प्रश्न कधीही बालिश नसतो.

जुन्नर, बारामती, भोर अशा ठिकाणांहून मराठी माध्यमातून शिकून आलेल्या विद्यार्थ्यांना आणखी एक अडचण येते. बैठकीत सगळे इंग्रजीतून बोलत असतील, तर प्रश्न मनात तयार असूनही तोंडातून निघत नाही. त्यावर उपाय साधा आहे: प्रश्न मराठीत विचारावा आणि पारिभाषिक शब्द वर्गात जसे वापरले जातात तसेच ठेवावेत. पुण्यातल्या विभागांत सर आणि मॅडम स्वतःही बरेचदा असेच बोलतात, आणि मंडळात एकाने असा प्रश्न विचारला, की पुढच्या बैठकीत तसे विचारणारे आणखी दोघे-तिघे निघतात. बैठक संपल्यावर बोलणाऱ्याकडे जाऊन ‘ताई, ही पायरी पुन्हा सांगाल का?’ असे विचारण्यातही काही कमीपणा नाही. किंबहुना बैठकीनंतर चहाच्या टपरीवर जे शिकायला मिळते, ते फळ्यावरच्या व्याख्यानाइतकेच मोलाचे ठरते.

हाताने करायचे पहिले काम

दोन-तीन बैठका झाल्या, की सचिवाकडे जाऊन स्वतःसाठी एखादे छोटे काम मागून घ्यावे. उपकरणांच्या कपाटाची यादी करणे, बिघडलेले मल्टीमीटर वेगळे काढणे, बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जाऊन रेझिस्टर, ब्रेडबोर्ड आणि सोल्डरची तार आणणे, ही कामे कोणालाच नको असतात आणि म्हणूनच ती नवख्याला लगेच मिळतात. दोन महिने कपाटाची यादी सांभाळणाऱ्याला कुठले उपकरण कशासाठी असते हे आपोआप कळते, आणि विज्ञान दिनाच्या आदल्या संध्याकाळी सगळे त्यालाच शोधत येतात.

यासोबत एक मोजमाप स्वतः करून पाहावे. सुरुवातीसाठी मी लेझर आणि जुन्या सीडीचा प्रयोग सुचवीन, कारण त्याला जवळपास काहीच खर्च येत नाही आणि उत्तर पडताळून पाहता येते. एका मोठ्या पुठ्ठ्याच्या मधोमध लेझरचा झोत जाईल एवढे भोक पाडावे, पुठ्ठा टेबलावर उभा करावा आणि त्याच्यापासून ३० सेंटिमीटर अंतरावर सीडी उभी टेकवावी. लाल लेझर पॉइंटर पुठ्ठ्याच्या मागून असा धरावा, की झोत भोकातून जाऊन सीडीच्या मध्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे, पण मध्याच्याच उंचीवर पडेल. तिथे सीडीवरच्या खाचा उभ्या असल्यामुळे ठिपके आडव्या रेषेत मिळतात. सीडी किंचित फिरवत राहावी. सरळ परतणारा झोत पुन्हा त्याच भोकात शिरला, म्हणजे प्रकाश लंबरूप पडतो आहे अशी खात्री होते. आता पुठ्ठ्यावर भोकाच्या दोन्ही बाजूंना, सुमारे १३ सेंटिमीटरवर, एकेक ठिपका दिसतो. दोन्ही बाजूंची अंतरे वेगळी आली, तर सीडी अजून तिरकी आहे.

सीडीवरच्या लगतच्या दोन खाचांमधले अंतर १.६ मायक्रोमीटर असते. ठिपक्याचे अंतर भागिले सीडीचे अंतर यावरून कोन काढला, तर तो २४ अंशांच्या आसपास येतो, आणि त्या कोनाच्या साइनला १.६ ने गुणले की ०.६५ मायक्रोमीटर, म्हणजे ६५० नॅनोमीटर मिळतात. हाच आकडा बऱ्याच लाल पॉइंटरांच्या वेष्टनावर छापलेला असतो. एवढ्यावर थांबू नये. मोजपट्टीने ठिपका मोजताना दोन मिलिमीटरांची चूक झाली, तर तरंगलांबीत सुमारे आठ नॅनोमीटरांचा फरक पडतो. हे गणित स्वतः करून उत्तरापुढे लिहावे. मग सीडीच्या जागी डीव्हीडी लावावी. तिच्या खाचा ०.७४ मायक्रोमीटर अंतरावर असल्यामुळे ठिपका फारच लांब जातो, आणि पुठ्ठ्यावर मावण्यासाठी डीव्हीडी १० सेंटिमीटरपर्यंत जवळ आणावी लागते. जर्नलमध्ये ठरलेल्या तक्त्यात आकडे भरण्याची सवय झालेल्या विद्यार्थ्याला प्रयोगाची मांडणी आपण बदलू शकतो, हे इथे पहिल्यांदा जाणवते. लेझर डोळ्यांच्या पातळीवर कधीही धरू नये आणि परतणारा झोत कुठे जातो आहे याकडे सतत लक्ष ठेवावे, कारण सीडी हा चांगलाच आरसा असतो.

पहिले व्याख्यान

बहुतेक मंडळांत सभासदांनी आळीपाळीने दहा-पंधरा मिनिटे बोलायचे असते आणि पहिल्या सहामाहीच्या अखेरीस तुमची पाळी येते. इथे नव्या विद्यार्थ्यांचा ओढा हमखास कृष्णविवरांकडे किंवा क्वांटमच्या गूढतेकडे असतो. हे विषय पहिल्या व्याख्यानासाठी घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यांत वक्त्याने स्वतः काही मोजलेले नसते आणि पहिल्या प्रश्नालाच ‘असे वाचले आहे’ यापलीकडे उत्तर देता येत नाही.

त्याऐवजी ज्यात पुणे आहे असा विषय घ्यावा. पुण्याचे अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस एकेक दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मे महिन्यात हा क्षण घड्याळात बाराला न येता साडेबाराच्या सुमारास येतो, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते आणि पुणे त्याच्या पुष्कळ पश्चिमेला आहे. जुलैमध्ये बहुतेक वेळा ढगच असतात, तेव्हा निरीक्षण मे महिन्यातच उरकावे. दुसरा असाच विषय पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे दाखवून देणाऱ्या फुकोच्या लंबकाचा. लेओं फुको यांनी १८५१ मध्ये पॅरिसमध्ये दाखवलेल्या लंबकाच्या आंदोलनाचे प्रतल तिथे सुमारे ३२ तासांत एक फेरी पूर्ण करते. पुण्यात त्याच फेरीला ७५ तास लागतात, म्हणजे प्रतल तासाला पाच अंशांहूनही कमी फिरते. हा फरक अक्षांशाच्या साइनमधून कसा येतो, ते फळ्यावर दहा मिनिटांत दाखवता येते. असा लंबक आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात प्रत्यक्ष पाहायला मिळतो, त्यामुळे व्याख्यानाआधी तिथे चक्कर मारून यावी.

व्याख्यान खडूने फळ्यावर द्यावे. स्लाइडचा वेग वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा असतो, तर फळ्याचा वेग विचार करणाऱ्याच्या हाताचा, आणि नवख्या वक्त्याला दुसराच मानवतो. आदल्या दिवशी एका मित्राला समोर बसवून संपूर्ण व्याख्यान म्हणून पाहावे. उत्तर येत नसलेला प्रश्न आला, तर तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा आणि पुढच्या बैठकीत त्याचे उत्तर घेऊन यावे. मंडळातली पत या दुसऱ्या भेटीत बनते.

महाविद्यालयाबाहेर

मंडळाचा एक मोठा उपयोग असा, की एकट्याने जिथे जाणे अवघड वाटते तिथे गटाने जाता येते, आणि त्या बाबतीत पुण्याचे विद्यार्थी फार भाग्यवान आहेत. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात १९८८ मध्ये स्थापन झालेली आयुका आहे. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते आणि वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची आहे. तिथली सार्वजनिक व्याख्याने ऐकावीत. एरवी आवारात जायचे असल्यास आधी चौकशी करावी. शेजारीच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे, तर पाषाणला २००६ मध्ये सुरू झालेली आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. आकाशनिरीक्षणाची आवड असेल, तर टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. १९४४ मध्ये स्थापन झालेली ही देशातली सर्वांत जुनी हौशी खगोल अभ्यासकांची संस्था असून, तिचे सभासद होण्यासाठी भौतिकशास्त्राचाच विद्यार्थी असण्याची अट नाही.

एक सहल मात्र चुकवू नये, ती म्हणजे खोडदची. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावच्या आतल्या बाजूला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी एक किलोमीटरच्या परिसरात आणि उरलेल्या तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. दर वर्षी विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरते, शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी आपापले प्रकल्प मांडतात आणि पंचक्रोशीतले गावकरीही ते पाहायला येतात. मंडळाने तिथे प्रकल्प घेऊन जावे. नुसते पाहून परतण्यापेक्षा आपले उपकरण एखाद्या शेतकरी काकांना समजावून सांगताना विषयाची खरी परीक्षा होते.

तबकडीखाली उभे राहून वर पाहिले, की तिच्यातून आकाश आरपार दिसते. नव्या माणसाला हे चक्रावून टाकणारे असते, कारण आरशाला भोके कशी चालतील? तबकडी पोलादी तारांच्या बारीक जाळीची आहे आणि तिची छिद्रे एक ते दोन सेंटिमीटरची आहेत, तर तिथे टिपल्या जाणाऱ्या रेडिओ लहरींची लांबी २० सेंटिमीटर आणि त्याहून अधिक. लहरीच्या मानाने छिद्रे इतकी लहान, की लहरीच्या दृष्टीने जाळी म्हणजे सलग पत्राच. वाऱ्याला मात्र ती आरपार वाट देते, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त करता आला. तिथे गेल्यावर मोबाइल बंद ठेवायला सांगतात. ती शिस्तीची बाब नसून मोजमापाची गरज आहे, कारण आकाशातून येणारा संदेश खिशातल्या फोनच्या तुलनेत अतिशय क्षीण असतो.

वेळ, परीक्षा आणि पुढच्या संधी

आठवड्याला तीन-चार तास मंडळाला द्यावेत, त्याहून अधिक देऊ नयेत. सबमिशनच्या पंधरवड्यात मंडळातून सुट्टी मागून घ्यावी. समजूतदार सचिव ती नाकारत नाही, कारण त्याचेही जर्नल अपुरेच असते. घरच्यांना मंडळ म्हणजे अभ्यास सोडून केलेला उद्योग वाटत असेल, तर एखाद्या बैठकीला आई-बाबांना घेऊन येण्यास कोणाची हरकत नसते, आणि ते आले तर बराच वाद मिटतो.

मंडळात असल्याचा एक फायदा म्हणजे परीक्षा आणि उन्हाळी उपक्रमांची माहिती वेळेत कानावर पडते. १९८४ मध्ये स्थापन झालेली भारतीय भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना बीएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय पातळीवर एक परीक्षा घेते. ती साधारणतः जानेवारीत असते आणि नोंदणी त्याच्या काही महिने आधी महाविद्यालयामार्फत करावी लागते. मुंबईत मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांसाठीचा उपक्रम आणि तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती यांचे अर्जही उन्हाळ्याच्या कितीतरी आधी भरायचे असतात. अर्जात ‘आपण काय केले आहे’ असा रकाना असतो. तिथे मंडळाचा सभासद असल्याचा उल्लेख करण्यापेक्षा आपण मोजलेल्या तरंगलांबीबद्दल आणि तिच्यातल्या चुकीबद्दल चार ओळी लिहाव्यात.

महाविद्यालयात मंडळच नसेल तर

अशा वेळी पाच जण आणि एक प्राध्यापक पुरेसे असतात. आधी प्राध्यापकांना भेटावे आणि त्यांच्या सल्ल्याने विभागप्रमुखांच्या नावे एका पानाचा अर्ज करावा. अर्जात मोठ्या उद्दिष्टांची यादी नको. कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या खोलीत बसणार, पहिल्या चार बैठकांना कोण कशावर बोलणार आणि प्रयोगशाळा हवी असल्यास तिथे कोण जबाबदार व्यक्ती हजर राहील, एवढे त्यात स्पष्ट लिहावे. विभागप्रमुखांची मुख्य काळजी उपकरणे फुटण्याची आणि संध्याकाळी उशिरापर्यंत मुले थांबण्याची असते. या दोन्हींचे उत्तर अर्जातच दिले, तर परवानगी मिळणे सोपे जाते. पैसे मागू नयेत, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. लंबक, सीडी, काठी आणि फळा यांवर एक सहामाही सहज निघते, आणि एक सहामाही नियमित चाललेल्या मंडळासाठी निधी मागायला प्राध्यापक स्वतःच पुढे होतात. प्रत्येक बैठकीची तारीख, विषय, हजर असलेल्यांची नावे आणि अनुत्तरित राहिलेले प्रश्न यांची एक वही पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि तिसऱ्या वर्षाची परीक्षा जवळ आली, की ती कपाटाच्या किल्लीसह दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या सभासदाकडे सोपवावी.